बिनलेकरांचा पान्हा

१

सोमवारी सकाळी रुचिका काचेच्या अकरा बाटल्या उकळत्या पाण्यातून काढायची, स्वच्छ फडक्यावर पालथ्या घालायची आणि काजलची वाट बघत बसायची. बाटल्या काचेच्याच हव्यात, यावर ती पहिल्या दिवसापासून हटून बसली होती. प्लॅस्टिकमधून दुधात जे उतरतं तेच तर तिला मोजायचं होतं.

रुचिका मूळची नंदुरबारची, एका शाळामास्तरांची मुलगी. वीस वर्षं पुण्यात काढून आता एका संशोधन संस्थेच्या कामावर ती पुन्हा आपल्या जिल्ह्यात आली होती. सारंगखेड्याच्या पुढे, तापीच्या काठाला लागून नवलखेडे नावाचं गाव आहे. कापूस, केळी, ऊस, आणि तिन्हींवर वर्षभर फवारणी. त्या फवाऱ्यातलं काय नि किती आईच्या दुधात पोचतं, आणि शरीरातल्या संप्रेरकांच्या कारभारात कशी ढवळाढवळ करतं, हे शोधायला तिला दोन वर्षांची मुदत होती. त्यातले दहा महिने सरले होते. बागायतदार हेमकांतभाईंच्या माडीवर तिची खोली होती. खाली खताचं गोदाम, वर ती आणि तिचा फ्रीजर.

गावातल्या अंगावर पाजणाऱ्या अकरा आया दर सोमवारी प्रत्येकी वीस मिली दूध द्यायच्या. ते घरोघर फिरून आणायची काजल. ती गावची आशा सेविका, सव्वीस वर्षांची, बोलायला चटपटीत. अकरापैकी एक बाटली तिची स्वतःचीच असायची. तिची भाविका ऑक्टोबरात जन्मली होती. गावातलं सगळ्यात लहान बाळ तेच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी मात्र काजल आली नाही. तिची सासू छबूबाई आली. टोपली टेबलावर ठेवून ती दारातच उभी राहिली.

रुचिका एकेक बाटली उजेडासमोर धरून बघू लागली. आईचं दूध पातळ असतं, किंचित निळसर. दहा बाटल्या तशाच होत्या. अकरावी तिनं धरली आणि ती थांबली. आतलं दूध घट्ट होतं, हळदीचं बोट बुडवावं तसं पिवळं. तो चीक होता. बाळंत झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस येतो तो. आणि गावात चार महिन्यांत कुणी बाळंत झालं नव्हतं.

"मावशी, ही कोणाची बाटली?"

"काजलले आज उतरनं नही," छबूबाई म्हणाली. "रिकामी बाटली कशी देवानी? मंग मी भरी दिन्ही."

"भरली ते कळलं. पण कोणाचं दूध?"

छबूबाईनं पदर नीट केला. ती चौसष्ट वर्षांची होती. तिचं धाकटं लेकरू म्हणजे काजलचा नवरा भूपेश, आणि तो एकतीस वर्षांचा.

"मन्हं शे," ती म्हणाली.

२

पहिल्यांदा रुचिकाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अंगावर शहारे आले तिच्या. असं सापडावं म्हणून माणसं जन्मभर बाटल्या धुतात. रसायनानं मेंदूतल्या ग्रंथीला फसवलं, ग्रंथीनं दूध आणणारं संप्रेरक सोडलं आणि चौसष्टाव्या वर्षी बाईला पान्हा फुटला. सरळ साखळी होती. तिनं छबूबाईचं रक्त घेतलं, दुधाबरोबर ते पुण्याला पाठवलं, आणि आठ दिवस तिला जेवण गोड लागलं.

अहवाल आला. दुधात कीटकनाशकांचे अंश होते, प्लॅस्टिक मऊ करणारं एक रसायन होतं, अपेक्षेपेक्षा पुष्कळच. पण रक्तात ते दूध आणणारं संप्रेरक मात्र साठी उलटलेल्या बाईत असावं तेवढंच होतं, ना कमी ना जास्त. ग्रंथीनं काहीच सोडलं नव्हतं. दूध कुणाच्या सांगण्यावरून आलं याचा शरीरात मागमूस नव्हता.

तिनं चाचणी पुन्हा करायला सांगितली. उत्तर तेच आलं.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत बायकांची बैठक होती. रुचिकानं नेहमीच्या सोप्या भाषेत समजावलं. शरीरात एका अवयवाकडून दुसऱ्याकडे निरोप जातात. वाढ, थांब, पाळी आण, दूध आण. ही रसायनं त्या निरोपाचं सोंग घेऊन शिरतात. निरोप खोटा, पण बिचारं शरीर खरा समजून कामाला लागतं.

मागच्या भिंतीला टेकून रुखमाबाई बसली होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची.

"आन् निरोप खरा व्हई तं?" तिनं विचारलं.

कुणी हसलं नाही. एरवी रुखमाबाईनं तोंड उघडलं की बायका पदराआड खिदळायच्या. रुचिकानं घसा खाकरला, तर तेवढ्यात बायका उठायलाही लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमकांतभाई माडीवर आले. पांढराशुभ्र पायजमा, हातात गाडीची किल्ली. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"रुचिकाताई, तुम्ही नंदुरबारन्या. आमन्याच तुम्ही, म्हणीसन सांगस. गावनी गोट गावमाच ऱ्हाऊ द्या."

"भाऊ, मी कुठल्याही बाईचं नाव लिहीत नाही. गावाचंसुद्धा लिहीत नाही. तुमच्या केळीला व्यापारी यायचे थांबणार नाहीत."

"केळीनं जाऊ द्या." त्यांनी फ्रीजरकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "वीस-वीस लेतस ना? पाच ल्या. नही लिन्हं तं आजून चांगलं."

"पाच मिलीत चाचणी होत नाही."

"मंग काम आवरा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांत ओळख उरली नव्हती. "मी एकदाच सांगस."

३

काम आवरण्याऐवजी रुचिका घरोघर फिरली. काजल बरोबर होती, पण नेहमीसारखी पुढे होऊन हाका मारत नव्हती. दोन पावलं मागे चालत होती.

लेकरू नसताना अंगावर दूध असलेल्या एकोणीस बाया निघाल्या. साठीच्या, सत्तरीच्या. दोघी लग्नानंतर लगेच विधवा झालेल्या, कधीच आई न झालेल्या. रुखमाबाई होतीच. रेशनकार्ड दाखवावं तशा कोरडेपणानं त्यांनी सांगितलं. कुणी लाजली नाही, कुणी काळजी केली नाही. कुणी डॉक्टरकडे गेली नव्हती. आणि सगळ्यांचा चीकच होता. महिनोन् महिने चीक. त्याचं दूध होतच नव्हतं. ज्याच्यासाठी तो येत होता ते रोज नव्यानं जन्मत असावं, असा एक विचार रुचिकाच्या मनात आला. तिनं तो झटकला आणि वहीत 'घटकांचं प्रमाण असामान्य' असं लिहिलं.

पण माडीवर परतल्यावर तिची बुद्धीच तिला डसायला लागली. अंगावरचं दूध काढलं नाही तर आटतं. वासरू मेलं की म्हैस आटते, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. दूध राहिलं तर गाठी होतात, ताप भरतो, कपडे भिजतात. या एकोणीस जणींना गाठ नव्हती, ताप नव्हता, सगळ्यांच्या चोळ्या कोरड्या होत्या. म्हणजे रोज कुणीतरी त्यांना रिकामं करत होतं.

खिडकीतून गिरणीचा आवाज येत होता. तो थांबला. मागच्या अंगणात कुणी भांडी घासत होतं, तेही थांबलं. रुचिकानं घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते. तिच्या लक्षात आलं की दहा महिने रोज या वेळी गाव असंच गप्प होत आलं आहे, आणि आपण ते दुपारच्या झोपेच्या खात्यावर टाकत आलो आहोत.

ती सज्जात आली. घराघरातून बाया बाहेर पडत होत्या. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. हातात विळा नाही, कळशी नाही, काही नाही. एकीमागे एक अशा त्या केळीच्या बागेतून नदीकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागल्या. ओट्यांवर पुरुष बसले होते. त्यांनी माना खाली घातल्या होत्या आणि बाया नजरेआड होईपर्यंत त्या वर केल्या नाहीत. पाऊण तासानं बाया परत आल्या. गिरणी सुरू झाली.

परतणाऱ्यांत शेवटची काजल होती.

संध्याकाळी रुचिका तिच्या घरी वजनकाटा घेऊन गेली. छबूबाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. झोळीत भाविका नुसती कण्हत होती, रडायचंही तिला त्राण नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी ती पाच किलो आठशे होती. आता काटा पाच किलोच्या खाली थांबला.

"काजल, अगं तू स्वतः आशा आहेस. हे तुला दिसत नाही?"

"दिसतं ना, मॅडम." काजलच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "दूध आहे मला. चांगलं आहे. पण ही रडते तेव्हा येत नाही."

"मग कधी येतं?"

काजल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. चुलीपाशी छबूबाईचा हात भाकरी थापता थापता थांबला होता. तो काजल नजर खाली घेईपर्यंत तसाच अधांतरी राहिला.

४

पुढच्या सोमवारी टोपली आली नाही. बाया आल्या. पंधरा-वीस जणी जिना चढून खोलीत शिरल्या आणि टेबलाभोवती उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगाला आंबूस गोड वास येत होता.

"आते बाटल्या बंद," छबूबाई म्हणाली.

"का, मावशी? कुणी काही बोललं का?"

"तठे कमी पडी ऱ्हायनं."

"कुठे?"

रुखमाबाईनं पुढे होऊन फ्रीजर उघडला. आतल्या गोठलेल्या बाटल्या तिनं एकेक करून ओच्यात घेतल्या, अगदी जपून. दहा महिन्यांचं काम होतं ते. रुचिकानं तिचं मनगट धरलं. म्हातारीनं ते सोडवूनसुद्धा घेतलं नाही, नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत इतका उघडा द्वेष होता की रुचिकाचा हात आपोआप सुटला.

"तू आमनं नही लई जात, बाई. त्याना वाटानं लई जास," रुखमाबाई म्हणाली. "त्याले समजस. धा महिना त्यानं पोट भरनं नही."

"कोणाचं?"

जाताना एकीनं टेबलावरच्या धुतलेल्या बाटल्या हाताच्या एका फटकाऱ्यानं खाली पाडल्या. खाली गोदामाच्या दारात हेमकांतभाई उभे होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "पाचनी गाडीनं निंघी जा. उद्या खोली रिकामी पाहिजे."

रुचिका काचा गोळा करत बसली. तिनं स्वतःची समजूत घातली. गावाला काहीतरी लपवायचं आहे. कुणी भगत-बुवा असेल, एखादा आजारी जीव असेल, एखादी अघोरी चाल असेल. माणसांनी केलेलं काहीतरी असेल, आणि माणसांनी केलेलं बघता येतं, लिहिता येतं. पावणेतीनला तिनं बॅग भरली, खांद्याला लावली आणि बाया निघायच्या आधीच केळीच्या बागेतून नदीची वाट धरली.

वाट संपते तिथे काठावर उपसा योजनेचं पंपघर आहे. योजना बंद पडून वर्षं झाली. मोटारी गेल्या, दारं गेली, पत्रे गेले. आत उरली आहे ती गोल विहीर, तीन माणसं आडवी मावतील एवढी रुंद, जमिनीच्या पोटातून थेट नदीच्या पाण्याला मिळालेली. रुचिका मागच्या भिंतीपाशी बाभळीच्या झुडपात बसली. तिथे भिंतीला विटेएवढं भोक होतं.

बाया आल्या. चपला बाहेर काढल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ नुसती लुगड्यांची सळसळ. मग खालून, विहिरीतून एक आवाज यायला लागला. चुटचुट, चुटचुट. तान्ह्याच्या तोंडाचा आवाज तो, कुठल्याही घरात ऐकू येणारा. आणि त्यामागून घोट गिळल्याचा आवाज. तो घोट मोठा होता. भिंतीच्या विटा त्याबरोबर किंचित थरथरत होत्या. रुचिकानं तळवा टेकवून पाहिला. प्रत्येक घोटाला विटा थरथरत होत्या.

तिनं भोकाला डोळा लावला.

बाया विहिरीच्या कठड्याला पोट टेकून आत वाकल्या होत्या. तिच्या सगळ्यात जवळ रुखमाबाई होती. तिच्या खांद्यावर एक हात होता. पिताना तान्ही बाळं आईच्या अंगावर ठेवतात तसा, इवलासा, गुबगुबीत, बोटं मिटणारा आणि उघडणारा. नखंसुद्धा बाळाचीच. रुचिकाची नजर त्या हाताच्या मनगटावरून खाली गेली. मनगटाखाली दंड होता, तेवढाच नाजूक, कठड्यावरून विहिरीत उतरलेला. ती कोपर शोधत राहिली. हात खाली जात होता, अंधारापर्यंत जात होता, आणि कोपर कुठेच येत नव्हतं.

बोटं मिटायची थांबली. तळवा हळूच भोकाच्या दिशेनं वळला.

५

ती किती आणि कशी पळाली हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. बागेच्या मध्यावर काजल भेटली. भाविकाला कडेवर घेऊन, अनवाणी, सगळ्यांच्या मागून नदीकडे निघालेली. रुचिकानं तिचा दंड पकडून तिला फिरवलं. काजल झोपेतून उठल्यासारखी बघू लागली आणि एकदम रडायलाच लागली. "मले लई चला, ताई. हिले दूध पाहिजे. मन्हं सगळं तठेच जास."

गावातून जाताना कुणी त्यांना अडवलं नाही. पुरुष ओट्यांवरून नुसते बघत होते. फाट्यापर्यंत पोचल्या, तेव्हा मागून बाया परतताना दिसल्या. छबूबाई रस्त्याच्या कडेला थांबली. ती धापत नव्हती, रागावलीही नव्हती.

"जाय," ती सुनेला म्हणाली. "नंदुरबारमा बी त्यानी हाक ऐकू येस."

सारंगखेड्याहून त्यांना जीप मिळाली. दिवेलागणीला नंदुरबारात मिरचीबाजाराच्या बाजूला, एका बालरुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर भाविकाला दाखल केलं. हवेत मिरचीचा खाट होता, सगळे शिंकत होते. रुचिकाला तो ठसका इतका बरा वाटला की तिला हसू आलं. डॉक्टर म्हणाले, पोर अशक्त आहे, पण वाचेल. वरचं दूध चमच्यानं द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता भाविका रडली आणि काजलच्या अंगाला दूध आलं. थोडंसंच. पण लेकीच्या रडण्याला आलं. काजल हसली, रडली, पुन्हा हसली. "ताई, दखा ना. पी ऱ्हायनी," ती म्हणत होती. रुचिकानं रुमालानं डोळे पुसले आणि मनाशी ठरवलं, दोघींना पुण्याला न्यायचं. पाणी बदललं, अन्न बदललं की सगळं निवळेल. शेवटी रसायनच होतं ते. बाकीचं तिला भीतीनं दिसलं असणार. दुपारचं ऊन, अंधारी विहीर, डोळा भोकाला लावलेला. त्यात काय दिसणार?

तीनला काजल खाटेवरून उठली. रुचिका थर्मासमधून चहा ओतत होती.

"धरा जरा, ताई," काजल म्हणाली आणि भाविकाला तिच्या हातात दिलं.

"कुठे निघालीस?"

काजल दाराकडे चालू लागली. तिच्या चोळीवर ओल पसरत होती. रुचिका तिच्यामागे जिन्यापर्यंत धावली, पण कडेवर पोर होतं. खिडकीतून तिला दिसलं, काजल रस्ता ओलांडून रिक्षात बसली. तिनं वर पाहिलं नाही. त्या दिवशी रुचिकानं तिला एकवीस वेळा फोन लावला. भूपेशला लावला, हेमकांतभाईंना लावला. सगळीकडे घंटी वाजत राहिली.

भाविका तिच्याजवळच राहिली. चमच्यानं दूध घेऊ लागली. तिसऱ्या दिवशी वजन ऐंशी ग्रॅम वाढलं. सकाळी ती अकराला रडली, दुपारी दीडला रडली. रुचिका तिला छातीशी धरून खोलीभर फिरली, थोपटलं, अंगाई म्हटली. पोर रडून रडून लाल झालं, तरी रुचिकाच्या अंगाला काही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. ती एक्केचाळीस वर्षांची होती, आणि तिला कधी मूल झालं नव्हतं.

अडीचला भाविका पोटभर पिऊन झोपली. खोली शांत झाली. रुचिका तिला मांडीवर घेऊन अहवालाचं पहिलं वाक्य जुळवत होती. घड्याळात तीन वाजले, आणि तिला छातीत कळ आल्यासारखं झालं. मग ऊब, मग ओल. तिनं खाली पाहिलं. कुर्त्यावर दोन डाग पडले होते, पिवळसर.

तिची बुद्धी ताबडतोब कामाला लागली. दहा महिने तेच पाणी, तीच केळी, तीच हवा. मात्रा पुरेशी आहे. संप्रेरकाची पातळी तपासायला हवी, रक्त आजच काढायला हवं. सगळं स्पष्टीकरण तिच्याजवळ होतं, मुद्द्यामागून मुद्दा, काही राहिलं नव्हतं. ते मनात मांडत असतानाच तिनं भाविकाला खाटेवर ठेवलं. पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या. दार ओढून घेतलं.

अर्ध्या जिन्यात असताना वर भाविका जागी झाली आणि मोठ्यानं रडू लागली. रुचिका थांबली. तिनं ते नीट ऐकलं.

मग ती उरलेल्या पायऱ्या उतरली.